हातांची खुर्ची

९ जून

आत्या,

नमस्कार पोचला असं समज. समोर असतीस तर वाकले असते. टपालातून वाकता येत नाही.

तू फोनवर वाद घालत नाहीस. फोनवर माणसं आधी काय कबूल केलं ते सोयीनं विसरतात, असं तुझं म्हणणं. म्हणून हे पत्र, कारण मला तुझ्याकडून वादच घालून हवा आहे. माझ्याशी नाही, आईशी.

आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली. काठी घेऊन ती स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत चालते. अडचण चालण्याची नाहीच, उठण्याची आहे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी घरातली एकूण एक बैठक पाहिली आणि सांगितलं, की हिला उंच, जड आणि दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची हवी. त्या हातांवर भार देऊन तिनं स्वतः उठलं पाहिजे, दिवसातून अनेकदा. उठत राहिली तर पाय परत येतील. कोणी ना कोणी धरून उठवत राहिलं, तर पाय ते काम कायमचं विसरतील.

मी बाजारातून गुबगुबीत खुर्ची आणली. तिनं आईला गिळलं. मी आणि बाई, दोघींनी मिळून तिला बाहेर ओढावं लागलं. मग प्लास्टिकची आणली. आई उठली की तीही सोबत उठते. आणि या सगळ्या खटाटोपात, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, टेबलाला लागून, बाई म्हणाल्या अगदी तशीच एक खुर्ची उभी आहे: काळ्या लाकडाची, वेताच्या बैठकीची, जागची सहजी न हलणारी. आधी आजोबांची, मग बाबांची. बाबा गेल्यापासून रिकामी. आई तिच्यात बसत नाही.

"दुसरं काहीही सांग," म्हणते.

"का पण?"

"नको म्हटलं ना."

आणि जाऊन स्वयंपाकघराच्या दारातल्या तिच्या त्या स्टुलावर बसते. परवा मी औषधं आणायला गेले आणि ती स्टुलावरून उठताना घसरली. फार लागलं नाही, पण शेजारच्या शिंपीणकाकू शिलाई सोडून धावत आल्या नसत्या, तर मी येईपर्यंत जमिनीवरच राहिली असती.

माझी रजा जुलैच्या मध्याला संपते. इतरांच्या गोळ्या-औषधं तपासायची नोकरी माझी. स्वतःच्या आईला जमिनीवर सोडून ती कशी करू? तोवर ती आपली आपण उठायला लागली नाही, तर घराला कुलूप लावून मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार. तिला तसं सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती भिंतींकडे बघत राहिली.

आई कोणाचं ऐकत असेल तर तुझं. आयुष्यभर घर हिनं ओढलं, आणि त्याच घरातली एक खुर्ची हिला घेववत नाही! गुलामीची सवय, दुसरं काय. ती मोडायची कशी, ते सांग.

तुझी
टिटवी

•

१३ जून

प्रिय टिटवी,

आशीर्वाद गृहीत धर. तो सिद्ध करावा लागत नाही.

तुझ्या पत्रात एक निरीक्षण आहे, एक निष्कर्ष आहे आणि या दोहोंच्या मध्ये बराच राग आहे. निरीक्षण मला मान्य आहे. तुझी आई त्या खुर्चीत बसत नाही, हे मी ते घर सोडण्याच्याही आधीपासून पाहत आले आहे. ही गुलामीची सवय आहे हा निष्कर्ष मात्र तू रागाच्या खांद्यावर बसवून आणला आहेस. तो खराही असेल. परंतु खरं असणं आणि सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महाविद्यालयात मी आयुष्यभर शिकवलं ते एवढंच.

आधी त्या खुर्चीचा विचार करू. आमच्या लहानपणी घरात आसनांची एक उतरंड होती. अण्णांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या खुर्चीला पाठ होती आणि हात होते. पाहुण्यांच्या खुर्च्यांना पाठ होती, हात नव्हते. तुझ्या बाबांना आणि मला बाक; त्याला दोन्ही नव्हतं, पण निदान एकमेकांची सोबत होती. स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलाला पाठ, हात, सोबत यांपैकी काहीच नव्हतं. घरातून कोठूनही हाक मारली तरी तिथे ऐकू येते, हा त्याचा एकमेव गुण. नवा माणूस आला तरी कोणी न सांगता तो आपापल्या आसनावर जाऊन बसे. हे नियम कागदावर असते तर त्यांच्याविरुद्ध वाद तरी घालता आला असता. लाकूड वाद घालत नाही. ते नुसतं उभं राहतं आणि तुम्हाला तुमची जागा दाखवतं.

आता खुर्चीला हात कशासाठी असतात, ते पाहा. लिहिताना ते आडवे येतात, जेवताना कोपराला लागतात. उपयोग त्यांचा एवढाच, की ज्याला उठण्याची घाई नाही त्याने त्यांवर आपले हात टेकवावेत. हातांची खुर्ची सांगते: हा माणूस बसून राहील, उठबस इतरांनी करावी. म्हणून तर आपल्या भाषेत सत्तेला खुर्ची म्हणतात. सत्ता न सोडणारा माणूस खुर्चीला चिकटतो. स्टुलाला चिकटलेला मी कोणी ऐकला नाही. मला विद्यापीठाने जे दिलं त्याचं नाव अध्यासन होतं. प्रत्यक्षात ती एक लोखंडी खुर्ची होती आणि तिचा एक पाय आखूड होता. डुगडुगत होते ती मी, प्रतिष्ठा मात्र स्थिर होती.

आणि आता विचित्र योग पाहा. 'मला उठण्याची गरज नाही' असं सांगण्यासाठी केलेले हात आज तुझ्या आईला उठण्यासाठीच हवे आहेत. वस्तूचा अर्थ वस्तूला चिकटलेला नसतो, याहून चांगला पुरावा मला सापडला नसता.

तिला हे वाचून दाखव. अण्णा गेले, दादाही गेला. आदर माणसाचा असतो. माणूस नसेल तर आठवणीचा. आणि आठवणीला टेकायला वेताची बैठक लागत नाही. शिवाय दादाच्या मागे तिने त्याचं कपाट वापरलं, त्याची छत्री वापरली, त्याच्या चष्म्याच्या डबीत सुया ठेवल्या. कपाटाला, छत्रीला आणि डबीला एक न्याय आणि खुर्चीला दुसरा, याला आधार काय? आणि बसल्याने खुर्चीचा अपमान होतो असं कोणी म्हणेल, तर जगात ही अशी एकच वस्तू ठरेल, की जिचा उपयोग करणं हाच तिचा अपमान.

तिचं उत्तर जसंच्या तसं कळव. सुधारून नको.

आत्या

•

१८ जून

आत्या,

जसंच्या तसं कळवते.

आई भाजी निवडत होती. तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. आदर आणि आठवण झाल्यावर म्हणाली, "खरंय." कपाट, छत्री, डबी झाल्यावर म्हणाली, "तेही खरंय. छत्री गळते मात्र." खुर्चीच्या अपमानावर चक्क हसली. म्हणाली, "वन्सं अजून तशाच आहेत. दार सताड उघडं असलं तरी आधी किल्ली शोधणार, मगच आत येणार."

"मग बसतेस ना?"

"नाही."

"आई, तू सगळं मान्य केलंस!"

"केलं की. त्यांचं सगळं बरोबर आहे. पण ते दुसऱ्याच कुठल्या खुर्चीबद्दल आहे."

माझं डोकं फिरलं. तुझ्यासारखं थंड डोकं मला मिळालेलं नाही, ते सगळं तू घेऊन गेलीस. मी दुसऱ्याच दिवशी जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला बोलावलं. म्हटलं, नसेल बसायचं तर नजरेसमोर तरी कशाला? तो खुर्चीभोवती फिरला, वाकून खालून पाहिलं, म्हणाला, "कर्त्या माणसाची खुर्ची आहे ताई. हल्ली याला फार मागणी. लोक दिवाणखान्यात ठेवतात. स्वतःचे आजोबा असे नसले, की दुसऱ्याचे विकत घेतात."

तेवढ्यात काठीचा आवाज आला. आई दारात. "त्या खुर्चीला हात लावायचा नाही." आत्या, तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. त्या माणसानं भाजल्यासारखा हात मागे घेतला. "ती विकायची नाही. ज्याची वस्तू, त्याला आधी विचारावं लागतं."

व्यापारी गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मेलेल्या माणसाला विचारायचं तरी कसं?

संध्याकाळी शिंपीणकाकू आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "अगं वेडे, तुझी आई नवी नवरी होती ना, तेव्हा दुपारच्या दुपारी त्या खिडकीत उभी असायची. नवऱ्याची वाट बघत. पाय दुखले तरी बसायची नाही. आम्ही तिला खिडकीराणी म्हणायचो. एवढा जीव होता, ती कशी बसेल त्याच्या खुर्चीत?" बाबाही ही गोष्ट सांगायचे, आठवतं? सांगताना मिशीत हसायचे.

मी याला गुलामी म्हटलं होतं. लाज वाटली. हे प्रेम असेल, तर त्याच्यापुढे तुझं तर्कशास्त्र काय करणार आणि माझा आरडाओरडा काय करणार? मी हरले. उद्यापासून तिचे कपडे भरायला घेते.

टिटवी

•

२९ जून

टिटवी,

सोबतचं पाकीट आईला दे. फोडू नकोस. कपडे भरू नकोस.

आत्या

•

२९ जून

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. युक्तिवाद सापडत नव्हता म्हणून नव्हे. जे सापडलं ते युक्तिवादात बसत नव्हतं म्हणून.

टिटवीने तुझी वाक्यं न बदलता कळवली. तिच्या रागाखाली एक चांगली साक्षीदार आहे. त्यांतली दोन वाक्यं माझ्या गळी उतरली नाहीत. माझं सारं म्हणणं दुसऱ्याच खुर्चीबद्दल आहे, हे पहिलं. ज्याची वस्तू त्याला आधी विचारावं लागतं, हे दुसरं. टिटवीने त्याचा अर्थ दादा असा घेतला आणि ती रडली. पण तू वायफळ बोलत नाहीस. ज्याला विचारायचं तो उत्तर द्यायला असला पाहिजे. म्हणजे तुझ्या मते त्या खुर्चीचं माणूस जिवंत आहे. अण्णा नव्हेत, दादा नव्हे. टिटवीही नव्हे, ती तर समोरच उभी होती आणि विकायला तीच निघाली होती. मग उरतं कोण, ते मी लिहीत नाही. ज्या निष्कर्षात आपला स्वतःचा लाभ असतो, त्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. तूच सांग.

तोवर खिडकीराणीबद्दल.

शिंपीणबाईंची साक्ष प्रामाणिक आहे आणि चुकीची आहे. तू दुपारच्या दुपारी खिडकीत उभी असायचीस, हे खरं. कोणाची वाट पाहत, ते त्यांनी ठरवलं. दादा संध्याकाळी यायचा, ठरल्या वेळी. दुपारी त्याची वाट पाहण्यात काय हशील? नेम नव्हता तो अण्णांचा. वजनमापं तपासणारा निरीक्षक कोणत्या दुकानात किती रेंगाळेल, हे दुकानदारालाही सांगता येत नसे. आणि अण्णांच्या टेबलाशी, अण्णांच्या खुर्चीत, मी बसलेली असे.

अण्णा दुष्ट नव्हते. त्यांच्या लेखी माझं शिक्षण पूर्ण झालं होतं. भरलेल्या मापात आणखी ओतलं तर सांडतं, एवढंच ते म्हणाले आणि विषय मिटला. मी वाद घातला नाही, कारण मला तेव्हा वाद घालता येत नव्हता. तो शिकता यावा म्हणूनच तर पुढच्या शिक्षणाची ती परीक्षा गुपचूप द्यायची होती.

ग्रंथ जाड, आणि एका वेळी दोन-तीन उघडे लागत. मांडीवर ते मावत नसत. बाकावर बसलं की टेबल हनुवटीला येई. त्या टेबलाच्या उंचीची घरात एकच खुर्ची होती. हे मी कोणाला बोलले नव्हते. आई नसलेल्या घरात बोलणार कोणाला? तू नुकतीच लग्न होऊन आलेली. कोणता डबा कोणत्या फळीवर, हेही तुला नीट ठाऊक नव्हतं. एका दुपारी भांडी आवरून, हात पुसत पुढच्या खोलीत आलीस आणि म्हणालीस, "वन्सं, बसा तिथे. मी रस्ता बघते."

परीक्षा कसली, ते विचारलं नाहीस. पकडलो गेलो तर काय, तेही नाही. कोपऱ्यावर अण्णांची छत्री दिसली की तू पडद्याच्या कड्या वाजवायचीस. मी पुस्तकं उचलायची, आणि तू बैठकीवर ओलं फडकं फिरवायचीस, ती उबदार लागू नये म्हणून. हे तुला सुचलं कसं, याचं मला अजून नवल आहे. मला सुचलं नसतं.

एकदा अण्णा टेकता टेकता म्हणाले, "ओलसर लागते ही."

"आत्ताच पुसली, मामंजी."

"रोज पुसतेस?"

"तुमची खुर्ची आहे ना."

ते प्रसन्न झाले. नंतर मी पुष्कळ परिषदा पाहिल्या, नामवंतांचे वाद ऐकले. एकही खोटा शब्द न वापरता समोरच्याला इतकं निःशस्त्र करणारं उत्तर पुन्हा ऐकलं नाही. दादाने ती खिडकी आयुष्यभर स्वतःच्या नावावर जमा केली, आणि मी त्याला दुरुस्त केलं नाही. नवऱ्याला एवढा एक गैरसमज शोभून दिसतो.

आभार मानणं हा मला नेहमी समारोपाचा उपचार वाटत आला. सिद्धतेच्या खाली आभार कोणी लिहीत नाही. या प्रकरणात मात्र माझ्यापाशी दुसरी सिद्धताच नाही. मी तुझी ऋणी आहे, वहिनी, पहिल्या विधानापासून.

आता सांग. खुर्ची कोणाची?

तुझी
वन्सं

•

४ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र वाचून दाखवते म्हणून टिटवी मागे लागली होती. मी दिलं नाही. चष्मा लावून स्वतः वाचलं. तुमचं अक्षर अजून तसंच, चिमटीत धरून ठेवल्यासारखं.

तुम्ही ओळखलंत आणि लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहिते. खुर्ची तुमची.

तुम्ही म्हणता मामंजींना मी एकही खोटा शब्द बोलले नाही. एक बोलले. 'तुमची' म्हटलं, तो.

तुम्ही गेल्यावर मामंजी बसतच होते, मग हे बसायला लागले. बसू देत म्हटलं, रिकामी ठेवून तरी काय करायचंय. वापरायला दिली असं धरा. पण माझ्या मनात ती कधी त्यांची झाली नाही. त्या खुर्चीत बसून घरातलं एकच माणूस काहीतरी करत होतं. बाकीचे नुसते बसायचे.

तुमचा निकाल आला तो दिवस तुम्हाला माहीत नाही, तुम्ही तेव्हा मैत्रिणीकडे होतात. मामंजींनी वर्तमानपत्र त्याच खुर्चीत उघडलं आणि तुमचं नाव मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिने अभ्यास केला तरी कुठे?"

म्हटलं, "घरातच."

त्यांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या ट्रंकेसाठी नवं कुलूप घेऊन आले. मला वाटतं त्यांना कळलं. ओल्या बैठकीबद्दल त्यानंतर कधी विचारलं नाही.

मग तुम्ही वर्षातून एकदा यायचात. दर वेळी मी ती खुर्ची पुसून, जरा वळवून ठेवायची. वाटायचं, आता या प्राध्यापक, आता कुणाला भ्यायचंय, आता दार उघडं टाकून बसतील. तुम्ही यायचात, खुर्चीवर पिशवी ठेवायचात, आणि बाकावर जाऊन बसायचात. दर वेळी! मी म्हटलं, एकदा सांगून झालंय 'बसा', परत परत काय सांगायचं.

टिटवी आधी म्हणाली भीती, मग म्हणाली प्रेम. दोन्ही नाही. यांच्यावर जीव होता तो होताच, पण तो काही त्यांच्या खुर्चीवर नव्हता. प्रवासात कुणासाठी जागा धरली, तर आपले पाय दुखले म्हणून आपणच ती घ्यायची का? मला ते बरं वाटत नाही. एवढंच कारण आहे. तुमच्या मुद्द्यांमध्ये हे नव्हतं, म्हणून म्हटलं की ते दुसऱ्या खुर्चीबद्दल आहेत.

टिटवी कपडे भरत नाही, पण पेटी काढून ठेवली आहे. येता जाता तिच्याकडे बघते आणि माझ्याकडे बघत नाही. पोर चुकत नाही. पाय खरंच ऐकत नाहीत. मला हे घर सोडायचं नाही वन्सं, पण तुमची जागा तुम्हाला विचारल्याशिवाय कशी घेऊ?

वहिनी

•

७ जुलै

प्रिय वहिनी,

खुर्ची माझी आहे, हे तू लेखी मान्य केलं आहेस. आता माघार नाही.

ज्याची वस्तू, तिच्याबद्दल त्याने ठरवावं. हे तुझंच विधान. व्यापारी आणि टिटवी असे दोन साक्षीदार त्याला आहेत. वस्तू माझी. हेही तुझंच विधान, आणि ते तर तुझ्या हस्ताक्षरात आहे. यांतून काय निघतं, ते निघण्यावाचून गत्यंतर नाही: त्या खुर्चीत कोणी बसावं हे मी ठरवायचं. मी ठरवलं आहे. तू बसायचंस.

माझ्या पहिल्या पत्रातले मुद्दे निर्दोष होते आणि निरुपयोगी होते, कारण मी खुर्चीचा अर्थ पुरुषांपासून काढला. तो तू कधीच बदलून टाकला होतास, आणि एवढी मोठी घटना घरातल्या कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

पिशवीबद्दल माझा बचाव असा. माझी पिशवी मी जमिनीवर ठेवत नाही आणि परक्याच्या जागेवर तर मुळीच ठेवत नाही. त्यावरून ती जागा माझी आहे, हे मला ठाऊक असलं पाहिजे. ते मला ठाऊक आहे, एवढंच मला ठाऊक नव्हतं. तर्कशास्त्रात याला एक लांबलचक नाव आहे. घरात याला वेंधळेपणा म्हणतात.

मी ऑगस्टात येते. तिकीट काढलं आहे. दार उघडं टाकून, आल्यागेल्याच्या देखत, मी त्या खुर्चीत बसेन आणि तू उठ म्हणेपर्यंत उठणार नाही. पण तोवर ती रिकामी ठेवणं मला मान्य नाही. रिकाम्या खुर्चीवर कोणाचाही डोळा असतो; एक व्यापारी येऊन गेलाच. माझी जागा राखायला मला विश्वासाचं माणूस हवं, आणि त्या कामाचा अनुभव तुझ्याइतका कोणाला नाही. उभं राहून राखण्याची तुझी पद्धत डॉक्टरांना पसंत नाही. तेव्हा आता बसून राख.

तू विचारलंस, म्हणून उत्तर देते, आणि तुझेच शब्द परत करते. यांहून चांगले माझ्यापाशी नाहीत. वहिनी, बस तिथे.

टिटवीला पेटी माळ्यावर टाकायला सांग.

वन्सं

•

१२ जुलै

वन्सं,

बसले.

टिटवी आणि शिंपीणबाई अशा समोर उभ्या, जशी काही मी परीक्षेलाच बसले. बैठक थोडी करकरली. टिटवी रडायला लागली. म्हटलं, "रडायचं तर आत जाऊन रड, मला आता उठायचंय." दोन्ही हातांवर भार दिला. गुडघा म्हणाला नको. म्हटलं, खुर्ची वन्संची आहे, तुझं काही चालायचं नाही. उठले. कुणी धरलं नाही. परत बसले, परत उठले. शिंपीणबाई म्हणाल्या, "घ्या, खिडकीराणीला सिंहासन मिळालं!" त्यांना मी खिडकीचं खरं काय ते सांगितलं. तोंडावर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "आणि आम्ही सगळ्या आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारत होतो, की बघा तिचं केवढं प्रेम!"

आता रोज बसते, रोज उठते. बाई म्हणाल्या पाय ऐकतायत. टिटवीने पेटी वर टाकली. परवा ती कामावर चालली आहे, एकटी. जाताना स्टूलही न्यायचं म्हणत होती, म्हणजे मी परत त्यावर बसायला नको. मी म्हटलं राहू दे, त्यावर कुंडी ठेवीन.

लाकडाच्या उजव्या हाताला टोकाशी खोलगट झालंय. तिथे माझा तळवा बरोबर बसतो.

एक राहिलंच. पहिल्या दिवशी बसल्यावर दम खाल्ला आणि सहज खिडकीकडे मान वळवली. वन्सं, त्या खुर्चीतून अख्खा रस्ता दिसतो! थेट कोपऱ्यापर्यंत. इतकी वर्षं तिला पुसत आले, पण पुसताना मान खाली असते, कळणार कसं? म्हणजे मामंजींची छत्री तुम्हाला बसल्या जागी दिसली असती. मी उभी राहायचं काही कारणच नव्हतं. उगीच टाचा झिजवल्या. पोट दुखेपर्यंत हसले. तुम्ही कधी बोलला कशा नाहीत?

या लवकर. पिशवी खाली ठेवा.

वहिनी

•

१६ जुलै

प्रिय वहिनी,

दिसत असेल. मी कधी पाहिलं नाही.

तू उभी होतीस, म्हणून पाहावं लागलं नाही.

वन्सं